वेगळी चूल

॥ श्री चौंडेश्वरी प्रसन्न ॥

एर्लांगेन, जर्मनी
रविवार, दि. १४ एप्रिल २०२४

श्रीमती वसुधाताई, विहीणबाई, मुक्काम मिरज, यांसी
पद्माकर सातपुते, इचलकरंजीकर, याचा सविनय नमस्कार.

मी येथे सुखरूप पोचलो. आपले चिरंजीव सिद्धेशराव विमानतळावर न्यावयास आले होते. त्यांचे वळण उत्तम आहे. त्यांनी माझी पेटी मला उचलू दिली नाही, एवढा एकच हट्ट मला रुचला नाही.

फोनवर मला ऐकू येत नाही, हे आपणास ठाऊक आहेच. ज्याचा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेला, त्याच्या कानांकडून अधिक अपेक्षा करू नये. समोर बसून कोणी सावकाश बोलले तर उजव्या कानाने समजते. परंतु मिरजेहून आपण समोर बसणार कशा? म्हणून पत्र. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे असले तरी आमच्या गुरुजींनी पत्र कसे लिहावे हे छडी हातात घेऊन शिकवले होते.

आता मूळ विषयाकडे येतो. हे घर आपल्या चिरंजिवांचे, म्हणजे रीतीने आपले. या घरात मी माझ्यापुरती वेगळी चूल मांडली आहे. ही गोष्ट आपल्या कानी दुसऱ्याच्या तोंडून जाऊ नये, म्हणून मीच कळवीत आहे.

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे अन्न घेऊ नये, ही आमच्या घराण्याची रीत आहे. माझ्या सासऱ्यांनी ती पाळली. मुक्ता झाल्यावर बाराव्या दिवशी ते आमच्याकडे पहिल्यांदा जेवले, आणि जेवताना रडले. सिद्धेशराव व मुक्ता पुण्यास राहत असताना मी आणि कैलासवासी शोभना तिच्याकडे जात असू, तेव्हा डबा बरोबर नेत असू. शोभना जाऊन आता वर्ष उलटले. म्हणून रीत बदलत नाही.

पहिल्या दिवशी मुक्ताने ताट वाढले होते. मी म्हणालो, "बाळ, तुला ठाऊक आहे." ती म्हणाली, "हो बाबा." तिने ताट झाकून आत नेले. तिने वाद घातला नाही, याचे मला समाधान वाटले.

माझ्या खोलीत विजेची एक शेगडी आहे. ज्वारीचे पीठ, तांदूळ आणि तूरडाळ मी बरोबर आणली होती. पुढचे सामान येथील भारतीय दुकानातून मी स्वतः आणतो. पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि छताला लावलेले एक पांढरे यंत्र कोकलू लागले. मला ते ऐकू आले नाही. मी दुसरी भाकरी थापत होतो, तेव्हा खालचा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल पाहणारा गृहस्थ, दारात उभा राहून हातवारे करीत होता. मी त्याला भाकरी देऊ केली. त्याने ती खाल्ली, आणि मग खिडकी उघडून कशी ठेवायची ते दाखवले.

पाणी मात्र मी घेतो. नळ लेकीच्या घरात असला तरी पाणी नगरपालिकेचे आहे, अशी मी मनाची समजूत घातली आहे. यात काही खोट दिसल्यास कळवावे.

मुक्ता वाळली आहे. आठवड्यातून एकदोनदा सकाळी लवकर बसने कोठे तरी जाऊन येते, आणि आल्यावर कोपराच्या खोलगटात कापसाचा बोळा चिकटवलेला असतो. विचारले तर "ऑफिसची तपासणी असते, बाबा" म्हणते. या देशात कचेऱ्या माणसांची फार काळजी घेतात असे दिसते.

चूल मांडण्यास आपली संमती असावी. गुडघ्यांस आराम पडला असेल अशी आशा करतो.

आपला नम्र,
पद्माकर रा. सातपुते


मिरज
२९ एप्रिल २०२४

श्री. रा. रा. व्याहीबुवा पद्माकरराव यांना वसुधाचा नमस्कार.

तुमचं पत्र काल आलं. पोस्टमनने पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "काकू, जर्मनीत कोण तुमचं?" मी म्हटलं, "माझ्या घरात चूल मांडलेले एक गृहस्थ आहेत." तो अजून विचार करत असेल.

घर माझं कसलं? भाड्याचं आहे, मालक तिकडचा कुणी जर्मन. संमती मागायची तर त्याची मागा. आणि पाणी नगरपालिकेचं म्हणून चालतं, तर वीजही शहराचीच आणि भाजीवाला तर लेकीच्या घराबाहेरच उभा असतो. मग सगळंच चालेल की! तुमच्या त्या समजुतीत मावणार नाही असा एक पदार्थ सांगा.

गंमत पुरे. रागवायचं असेल तर रागवा, पण पुढचं नीट वाचा.

मुलाची आई आहे म्हणून बोलत नाही. बाई आहे म्हणून बोलते. लग्नाला नऊ वर्षं झाली पोरांच्या. तुम्ही रीत पाळता ती तुमच्या जागी, पण रोज सकाळी तुमची शेगडी पेटते तेव्हा ती काय सांगते तिला? अजून नाही, अजून नाही. दुसऱ्या कुणी तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही त्याला घराबाहेर काढलं असतं. तुम्ही ते न बोलता म्हणताय, आणि तेही तिच्याच घरात बसून.

मी दोन वर्षांपासून तिच्याजवळ तो विषय काढायचा सोडला. सणावारी ओटी भरतानासुद्धा तोंडातून "पुढच्या वर्षी तिघं या" असं निघू नये म्हणून जीभ चावते. त्यांच्या मित्रांनी विचारायचं सोडलं, सिद्धेशच्या आत्यानेही सोडलं. तिला बोचू नये, एवढंच आमच्या हातात आहे.

तो कापसाचा बोळा ऑफिसचा नाही, व्याहीबुवा. मला सिद्धेशने शपथ घातली आहे, तेव्हा याहून जास्त लिहीत नाही. एवढंच समजा की दवाखाना चालू आहे, आणि हे शेवटचं म्हणून चालू आहे. तुम्ही तिला विचारू नका. फक्त तिच्या टेबलाशी बसा आणि जेवा.

माझ्या वडिलांनी लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात माझ्या घरी भरपेट वरणभात खाल्ला होता. आईने कपाळावर हात मारला, तर म्हणाले, "एस.टी. चार तास उशिरा आली, त्याला मी काय करू?" तुमची एस.टी. केव्हा उशिरा येणार?

वसुधा


॥ श्री चौंडेश्वरी प्रसन्न ॥

एर्लांगेन
रविवार, दि. १२ मे २०२४

श्रीमती विहीणबाई यांसी
पद्माकर सातपुते याचा सविनय नमस्कार.

आपले पत्र काल पोचले. आपण मुलाकडच्या आहात, तेव्हा आपले चार शब्द ऐकून घेणे हे माझे कर्तव्य आहे. ते मी ऐकून घेतले. परंतु मी माझ्या लेकीस तिच्या घरात बसून टोचतो, हे वाक्य वाचल्यावर मी पत्र घडी घालून ठेवले आणि नदीपर्यंत चालत गेलो. माझा उपवास तिच्याविरुद्ध नाही. तो तिच्यासाठी आहे. एवढे मला आपणास सांगावयाचे होते.

दवाखान्याविषयी मी कोणास काही विचारलेले नाही, आणि विचारणार नाही.

आपल्या पत्राच्या आदल्या दिवशी एक घटना घडली. आपले पत्र आणि ती घटना एकत्र आली नसती, तर मी माझ्या जागेवरून हललो नसतो.

शुक्रवारी सिद्धेशरावांनी विद्यापीठाजवळच्या लहानशा चित्रपटगृहाची दोन तिकिटे आणून दिली. चित्रपट जपानी. मूळ अमेरिकन चित्रपटाची ती जपानी आवृत्ती आहे. मूळ चित्रपट सिद्धेशरावांनी कार्ल्सरूहे येथे शिकत असताना पाहिला होता. त्यांनी माझ्या उजव्या कानाशी बसून सगळी हकीकत सांगितली, ती अशी. एका मुलीने हमरस्त्यावर खाणावळ काढली. तिचा बाप म्हणजे गावातला नावाजलेला स्वयंपाकी. मुलीने हा धंदा करू नये असे त्याचे मत. तो रोज खाणावळीत येतो, कोपऱ्यात बसतो, परंतु तिच्या हातचे खात नाही. स्वतःचा डबा खातो. "धंदा नीट चालेल त्या दिवशी जेवीन," म्हणतो. यावरून पुष्कळ फजिती होते. शेवटी खाणावळीपुढे गाड्यांची रांग लागते, बाप ताट मागून घेतो, सगळे लोक टाळ्या वाजवतात आणि नाचतात. "हसून हसून पोट दुखतं, बाबा, आणि शेवट गोड आहे," असे ते म्हणाले. त्यांना स्वतःला कामामुळे येता आले नाही. मी आणि मुक्ता गेलो.

जपानी बोलणे, खाली जर्मन अक्षरे, आणि पाहणारा बहिरा. तरीही मला सर्व समजले, कारण कथा ठाऊक होती. जपानी लोकांनी हमरस्त्याऐवजी बर्फातले एक लहान रेल्वे स्थानक घेतले आहे, आणि खाणावळीत वाडग्यातून शेवयांसारखे काही देतात. तो म्हातारा डबा कापडात बांधून आणतो. कोपऱ्यात बसून गाठ सोडतो, ताठ बसून जेवतो, पुन्हा गाठ बांधतो. आजूबाजूचे प्रेक्षक हसत होते. मला ते हसणे आवडले नाही. तो माणूस नीटनेटका होता.

शेवटी तो एके दिवशी डबा न आणता येतो. बसतो. बोट वर करतो. मुलगी त्याच्यापुढे वाडगा ठेवते. तो शेवटच्या थेंबापर्यंत खातो आणि वाडगा दोन्ही हातांनी खाली ठेवतो. ती भिंतीकडे तोंड करून उभी असते आणि तिचे खांदे हलत असतात. जपानी लोक नाचत नाहीत, हे मला योग्य वाटले.

मी शेजारी पाहिले. मुक्ता तोंडावर रुमाल धरून रडत होती. बाहेर आल्यावर आम्ही बसमध्ये बसलो. माझा हात तिने उतरेपर्यंत सोडला नाही. लहानपणी जत्रेतही ती इतका वेळ हात धरीत नसे.

विहीणबाई, इतकी वर्षे मी समजत होतो की तिला याचे काही वाटत नाही. त्या दिवशी तिला काय हवे आहे हे मला दिसले. आणि काल आपल्या पत्रात तेच वाचले. एक परदेशी चित्रपट आणि एक विहीण दोघेही एकच सांगत असतील, तर म्हाताऱ्याने हट्ट सोडावा.

येत्या रविवारी, १९ तारखेस, मुक्ताचा वाढदिवस आहे. त्या दिवशी मी तिच्या टेबलाशी बसून जेवीन. तिला आधी सांगणार नाही. हे पत्र आपल्या हाती पडेल तेव्हा मी जेवून मोकळा झालेला असेन. माझ्या सासऱ्यांची मनोमन क्षमा मागितली आहे.

आपला नम्र,
पद्माकर रा. सातपुते


मिरज
२७ मे २०२४

व्याहीबुवा, नमस्कार.

तुमचं १२ तारखेचं पत्र काल हातात पडलं. वाचून मी तशीच जिन्यात बसले.

सिद्धेशचा फोन १६ तारखेला आला होता. शेवटचं म्हणून जे केलं होतं, ते राहिलं नाही. डॉक्टरांशी एकदा बोलायचं बाकी आहे, पण आता पुढे काही नाही असं त्याच्या आवाजावरून कळलं. "बाबांना कळू देऊ नकोस," एवढंच म्हणाला. आणि तुमचा रविवार १९ ला होता.

तुम्हाला जेवा म्हणणारी मीच. पण मी म्हटलं ते दिवस निराळे होते, तेव्हा पोरगी वाट बघत होती. तुम्ही नेमके त्या चार दिवसांत बसला असाल तर तिला काय वाटलं असेल, या विचाराने मला झोप नाही. कदाचित बरंच वाटलं असेल. बाप शेजारी बसून जेवला, त्यात वाईट काय, असंही मनात येतं. पण मग सिद्धेश असं का बोलतो? रोज फोन करते तर "सगळं ठीक आहे, आई" म्हणतो आणि ठेवतो. मुक्ता फोनवर येतच नाही.

काय झालं ते लिहा. लगेच लिहा. मला कोणी काही सांगत नाही.

वसुधा


॥ श्री चौंडेश्वरी प्रसन्न ॥

एर्लांगेन
सोमवार, दि. १० जून २०२४

श्रीमती विहीणबाई यांसी
सविनय नमस्कार.

आपले पत्र शनिवारी मिळाले. आपण मागितले आहे म्हणून जसे घडले तसे लिहितो. यातले काहीही मी स्वतःच्या बाजूने वळवलेले नाही.

रविवारी मी धुतलेले धोतर नेसलो, टोपी घातली आणि दुपारी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसलो. मुक्ताने वाढदिवस असूनही साधाच स्वयंपाक केला होता. पोळ्या, भरली वांगी, आमटी. तिला वाटले, मी शुभेच्छा देण्यास आलो. मी म्हणालो, "मुक्ता, मला वाढ."

सिद्धेशराव उठून उभे राहिले. "अरे वा, बाबा!" म्हणाले, परंतु म्हणता म्हणता त्यांचा चेहरा उतरला आणि ते मुक्ताकडे पाहू लागले.

मुक्ता माझ्या उजव्या बाजूस आमटीचा डाव घेऊन उभी होती. ती म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी विचारले, "काय सांगितले?"

"सिद्धेश, तू सांगितलंस बाबांना?"

"मी? नाही गं. शपथ."

"मग आईंनी."

मी म्हणालो, "मला कोणी काही सांगितले नाही. माझ्या मनाने आलो. वाढ."

तिने वाढले. सगळे नीट वाढले. मीठ डावीकडे, लिंबाची फोड, पोळीवर तूप. मी जेवलो. वांगी शोभनाच्या हातासारखी झाली होती आणि मी तसे बोलून दाखवले. मुक्ता बाल्कनीत जाऊन पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. विहीणबाई, मी ते पाहिले, मला तो चित्रपट आठवला, आणि मी समाधानाने हात धुतले. दुपारी मला छान झोप लागली.

त्यानंतर काही दिवस ती माझ्यासमोर आली नाही. ताट सिद्धेशराव आणून देत. मी विचारले तर "तिला बरं नाहीये, बाबा" म्हणत. मग एका सकाळी ती माझ्या खोलीत आली, माझ्या उजव्या बाजूस खाली बसली आणि सावकाश बोलू लागली. मला ऐकू यावे म्हणून तिला ते सगळे मोठ्याने बोलावे लागले. असे बोलणे कोणत्याही लेकीस बापापुढे मोठ्याने बोलण्याची वेळ येऊ नये.

तीन वेळा मूल पोटात राहून गेले. मला एकदाही ठाऊक नव्हते. त्यातले एक शोभनाच्या शेवटच्या आजारपणात, म्हणून तिलाही सांगितले नाही. आणि तिसरे आताचे हे, त्या गुरुवारी.

मी म्हणालो, "पण बाळ, मी जेवलो ते तुला बरे वाटावे म्हणून. तू त्या चित्रपटात रडलीस ना?"

तेव्हा ती मला म्हणाली, "बाबा, तो पिक्चर तुम्हाला कळलाच नाही. अमेरिकेतल्यात दुकान वाचतं. ह्यात नाही वाचत. त्या स्टेशनवर गाड्याच थांबायच्या बंद होतात. दुसऱ्या दिवशी दुकान कायमचं बंद होणार असतं. ते तिने त्याला सांगितलेलं नसतं, पण त्याला कळलेलं असतं. म्हणून तो डबा न आणता येतो. आता वाट बघण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून तो जेवतो. आणि तिला ते दिसतं."

मी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर घेतली.

ती म्हणाली, "सगळ्यांनी विचारायचं सोडलं, बाबा. माझ्या मैत्रिणींनी, आत्यांनी, आईंनीसुद्धा. सगळे इतके सांभाळून बोलतात की मला कळतं, त्यांनी मनातून सोडून दिलंय. तुमच्या खोलीतून सकाळी भाकरीचा वास यायचा. सिद्धेश चिडायचा, पडद्यांना वास लागतो म्हणून. मला वाटायचं, एक माणूस अजून वाट बघतंय. दवाखान्यात सुई टोचून घेताना मी त्याचाच विचार करायचे. आणि तुम्ही नेमके त्या रविवारी येऊन बसलात. 'वाढ' म्हणालात. मला वाटलं, झालं. आता बाबांनीसुद्धा."

मी तिला म्हणालो की मला काहीच माहीत नव्हते. ती म्हणाली, "ते मला नंतर कळलं. पण त्या वेळी नाही ना कळलं."

मग उठताना म्हणाली, "उद्यापासून तुमची शेगडी लावा."

मी लावतो आहे. पहिल्या सकाळी खिडकी उघडण्यास विसरलो आणि छताचे यंत्र वाजले असावे; कारण सिद्धेशराव धावत आले. त्यांनी यंत्र बंद केले. ते तसेच उभे राहून भाकरी फुगताना पाहत होते.

डॉक्टरांची अखेरची भेट या महिन्याच्या शेवटी आहे. आपण स्वतःस बोल लावू नये. आपले पत्र नसते तरी त्या चित्रपटावर माझा विश्वास बसलाच होता.

आपला,
पद्माकर सातपुते


मिरज
२२ जून २०२४

व्याहीबुवा, नमस्कार.

तुमचं पत्र आज सकाळी आलं. ते हातात घेऊनच मुक्ताला फोन लावला. तिने उचलला.

मी म्हटलं, "मुक्ता, दोन वर्षांत विचारलं नाही, आज विचारते. कसं आहे गं तुझं?" ती मग म्हणाली, "आई, तुम्ही विचारलंत." आणि रडायला लागली. मीही. शेजारची लता दारात येऊन "काय झालं काकू" म्हणत राहिली. तिला हाताने जा म्हटलं.

पाऊण तास बोललो. तिघांची नावं तिने मनात ठेवली होती म्हणे. मला सांगितली. तुम्हाला लिहीत नाही, ती तिची आहेत.

मी जीभ चावत बसले, व्याहीबुवा, आणि मला वाटत होतं मी तिला जपतेय. माझं मला हसू येत नाही आणि रडूही येत नाही.

तुम्ही इकडे आलात की इचलकरंजीला कुलूप उघडून एकटे बसू नका. आधी मिरजेला उतरा. चार दिवस माझ्याकडे राहा, जेवा. ते काही लेकीचं घर नव्हे. की तेही तुमच्या रीतीत बसत नाही? पाणी तर नगरपालिकेचंच आहे, आणि तेही दिवसाआड.

डॉक्टरांचं काय ते कळवा.

वसुधा


॥ श्री चौंडेश्वरी प्रसन्न ॥

एर्लांगेन
मंगळवार, दि. २ जुलै २०२४

श्रीमती वसुधाताई यांसी
पद्माकर सातपुते याचा नमस्कार.

परवाचे विमान आहे. हे पत्र माझ्या मागून येईल. तरीही लिहितो, कारण आपल्यासमोर बसून हे मला सांगता येणार नाही.

शुक्रवारी ते दोघे डॉक्टरांकडे जाऊन आले. मी खिडकीशी बसलो होतो. बसमधून उतरून दोघेही थांब्यावरच उभे राहिले. दुसरी बस आली, गेली, तरी ते तेथेच होते. सिद्धेशरावांनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली, तेव्हा मला समजले.

मुक्ता सरळ माझ्या खोलीत आली. म्हणाली, "संपलं, बाबा. आम्ही थांबवलं. डॉक्टरपण तेच म्हणाल्या."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.  नंतर तिला विचारणे भाग होते, म्हणून विचारले. "मग आता मी काय करू? तुझ्याकडे जेवू?"

ती म्हणाली, "नको."

"बाळ, आता त्यात..."

"मला माहितीये त्यात काही नाही. तरी नको. तुम्ही थांबवू नका. मी सांगेन तेव्हा जेवा. आणि मी नाही सांगणार."

मी एकोणऐंशी वर्षांचा आहे. याचा अर्थ मला समजला. वसुधाताई, मी आता माझ्या लेकीच्या घरी कधीच जेवणार नाही. माझ्या वडिलांनी आणि सासऱ्यांनी ही रीत पाळली ती संपण्यासाठी. मी पाळीन ती तिने मागितली म्हणून. आपण मिरजेस बोलावलेत, त्याबद्दल आभारी आहे. मी येईन, परंतु आपले घर हेही तिचेच घर. डबा घेऊन येईन. क्षमा असावी.

त्या दिवसापासून मी पेटी भरत होतो. आज दुपारी मी भाकरी करीत असताना मुक्ता आली आणि दाराशी उभी राहिली. मला वाटले, धूर झाला म्हणून आली. मी खिडकी उघडू लागलो. ती म्हणाली, "राहू द्या." आत येऊन माझ्या उजव्या हाताशी भिंतीला टेकून खाली बसली, पाय पोटाशी घेऊन. लहानपणी ती मागाच्या शेडच्या दारात शोभनाची वाट पाहत अशीच बसत असे.

मी दुसरी भाकरी तव्यावर टाकली. तिने ती उलटेपर्यंत पाहिली. मग म्हणाली, "बाबा, मला वाढा."

मी वळून पाहिले. ऐकण्यात चूक झाली असे वाटले.

"आई गेल्यापासून मला कुणी वाढलं नाही," ती म्हणाली, "सगळ्यांना मीच वाढते."

लेकीने बापाच्या चुलीवरचे खाऊ नये, असे कोणत्याच रीतीत नाही. माझ्याकडे एकच ताट होते. त्यात मी तिला गरम भाकरी वाढली, मुगाची आमटी, कांदा हाताने फोडून. तूप नव्हते. ती म्हणाली, "असू द्या." ती खाली मान घालून जेवली. रडली नाही. दोन भाकरी खाल्ल्या, तिसरीतली अर्धी मागून घेतली. मी तिच्यासमोर बसून होतो आणि ताट रिकामे होईल तसे वाढत होतो. आमटीत मीठ कमी पडले होते, ते तिने सांगितले नाही. मला नंतर जेवताना कळले.

तिने ताट धुऊन पालथे घातले. जाताना दारात थांबली आणि माझ्या उजव्या बाजूस येऊन, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "उद्या पिठलं करा."

बेसन नाही. सकाळी दुकान उघडताच जाऊन आणीन. परवा पहाटे निघायचे आहे.

आपला,
पद्माकर